नऊ क्लिक उजवीकडे

मागच्या महिन्यातली गोष्ट, शनिवार दुपारची. बाहेर पावसाची नुसती रिपरिप, शूटिंग रेंजवर चारच लेन चालू, आणि माझ्या शेजारच्या लेनवरच्या मुलीच्या एअर पिस्टलच्या सिलिंडरमधून सुस्स करून हवा निघून गेली. सील गेलं असणार. आठवीतली मुलगी, पॅरिसला मनू भाकरला दोन ब्राँझ मिळालेली टीव्हीवर बघून आईवडिलांच्या मागे लागून आलेली, आणि एवढ्याशा काळात हात असा शांत झालाय तिचा की आपण आपलं सोडून तिचंच बघत बसावं. ती हिरमुसून उभी राहिली तर मी म्हटलं घे माझं, मी जरा चहा घेऊन येते. तिनं ग्रिपमध्ये हात घालून बघितला, सैलच होता तिला, तरी मारले पाच. मी थर्मासच्या झाकणात चहा घेऊन मागे उभी. कागद मोटरवर घरघरत पुढे आला. पाचही भोकं एकमेकांना चिकटून, रुपया ठेवला तर झाकली जातील अशी, आणि सगळी घड्याळाच्या दोनच्या ठिकाणी, मधला दहा सोडून सातच्या रिंगमध्ये. तिनं कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "काकू, तुमची साईट हललीय का?"

हलली नव्हती. नेम धरायची ती साईट मीच हलवली होती.

मी काही लहानपणापासूनची नेमबाज वगैरे नाही. मुलीला उन्हाळी सुट्टीत कॅम्पला घातलं होतं, ती तीन महिन्यांत कंटाळली, आणि तिला सोडायला-आणायला येणारी मी मात्र राहिले. बँकेतली नोकरी, दिवसभर लोकांचे चेहरे आणि सर्व्हर डाऊन, त्यानंतर दहा मीटरवरच्या एका काळ्या गोलाकडे तासभर बघायचं, कुणाशी बोलायचं नाही, हे मला फारच आवडून गेलं. मग सेकंडहँड एअर पिस्टल घेतलं, नवऱ्याला किंमत थोडी कमी करून सांगितली (हे तो वाचणार नाही याची खात्री आहे), आणि एक वही केली. वहीत रोजचे गोल काढून त्यावर टिंबं द्यायची, कुठला शॉट कुठे गेला ते. चार वर्षांच्या अशा सहा वह्या झाल्यात.

आता ज्यांनी कधी पिस्टल हातात घेतलेलं नाही त्यांना एक गंमत सांगते, कारण मलाही सुरुवातीला ती पटली नव्हती. आम्ही दहावर नेम धरतच नाही. टार्गेटचा काळा गोल साधारण सहा सेंटीमीटरचा, त्याच्या मधला दहा फक्त साडेअकरा मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. काळ्या साईटनं काळ्या गोलातलं बटण शोधायला गेलं तर सगळा काळोखच, काही दिसत नाही. म्हणून नेम धरायचा गोलाच्या खाली, पांढऱ्यात, मध्ये पांढरी फट ठेवून. आणि साईट अशी लावायची की नेम खाली धरला तरी छर्रा वर दहात जाईल. म्हणजे बघायचं एकीकडे, लागायचं दुसरीकडे, आणि हे सगळं ठरवून. मी घरी हे सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे हे यंत्र मुळातच खोटं बोलतं की गं." त्यांना काय उत्तर द्यावं मला सुचलं नव्हतं.

तर साईट दोन असतात. नळीच्या टोकाला एक चौकोनी पट्टी, ती फ्रंट साईट, गावाकडे ठासणीच्या बंदुकीवर तिच्या जागी कणीएवढा उंचवटा असायचा त्याला माशी म्हणायचे. मागे डोळ्याच्या बाजूला खाच असलेली दुसरी पट्टी, ती रिअर साईट. माशी खाचेच्या बरोबर मध्ये, दोन्ही बाजूला सारखा उजेड, वरच्या कडा एका रेषेत, झालं. मागच्या साईटला दोन स्क्रू, एक डावं-उजवं करायला, एक वर-खाली. नियम सोपा आहे, छर्रा जिकडे न्यायचा तिकडे मागची साईट सरकवायची. शॉट डावीकडे जातायत, साईट उजवीकडे. खाली जातायत, साईट वर. (माशी सरकवायची असेल तर बरोबर उलटं.) सोपा म्हणते खरी, पण काही जर्मन बनावटीच्या साईटवर स्क्रूवरची अक्षरं वेगळ्याच हिशोबानं असतात, 'आर' म्हणजे उजवीकडे न्यायचंय तर फिरवा असं नाही, तर उजवीकडे लागतंय तर इकडे फिरवा. मी पहिल्या महिन्यात शॉट मध्ये आणायला गेले आणि ते आणखीनच लांब गेले, आणि मी स्क्रू ड्रायव्हरला दोष देत बसले होते.

माझे शॉट आठ वाजता जायचे, म्हणजे घड्याळाच्या आठच्या ठिकाणी. उजव्या हाताच्या नवशिक्याचं हे ठरलेलंच दुखणं, डावीकडे खाली. ट्रिगर पाचशे ग्रॅमचा असतो, म्हणजे अर्ध्या लिटर दुधाच्या पिशवीएवढाच, पण तो हळूहळू वाढत्या दाबानं सुटावा लागतो. आपण काय करतो, साईट क्षणभर मस्त बसलेली दिसते आणि आपला जीव घाबरा होतो की आत्ताच, आत्ताच, आणि झटकन ओढतो. नुसतं बोट ओढलं जात नाही, सगळी मूठच आवळली जाते आणि माशी टुणकन खाली डावीकडे बुडते. किती बुडते? डोळ्याला कळणारही नाही इतकी. पण माझ्या पिस्टलच्या दोन साईटमध्ये तेहेतीस सेंटीमीटरचं अंतर आहे आणि टार्गेट दहा मीटरवर, म्हणजे माशी खाचेत एक मिलिमीटर सरकली की कागदावर छर्रा तीन सेंटीमीटर सरकला. रिंगा आठ-आठ मिलिमीटरच्या. म्हणजे एका मिलिमीटरला जवळजवळ चार रिंगा. गंमत म्हणजे अख्खा हात तसाच एक मिलिमीटर हलला तर कागदावरही एकच मिलिमीटर हलतो. आम्ही सगळे मरतो ते हात हलतोय म्हणून, आणि खरी चोरी होते ती खाचेत.

सर म्हणायचे, "ताई, साईटला हात लावायचा नाही." आमचे सर फौजेतून रिटायर झालेले, साताऱ्याकडचे, शब्द मोजून बोलणारे. त्यांचं म्हणणं असं की एका शॉटवरून काहीच कळत नाही, पाच मारा, दहा मारा, मग बघा. भोकं विखुरलेली असतील तर चूक हातात. भोकं एका जागी असतील आणि ती जागा चुकली असेल तरच साईट. माझी भोकं वर्षभर विखुरलेली होती, मग हळूहळू जवळ यायला लागली, आणि एक दिवस खरंच एका जागी आली. आठ वाजता, पण एका जागी. मला एवढा आनंद झाला की सरांची वाट न बघता मी स्क्रू ड्रायव्हर काढला. स्क्रूचे दोन क्लिक उजवीकडे, एक वर. माझ्या पिस्टलला एक क्लिक म्हणजे कागदावर जेमतेम अडीच मिलिमीटर, म्हणून पुन्हा दोन. पुन्हा एक. होता होता नऊ क्लिक उजवीकडे, सहा वर, आणि मग काय, नऊ, दहा, नऊ, दहा, दहा. वहीत त्या दिवशीच्या गोलाभोवती मी लाल पेनानं चांदणी काढलीय.

त्या शनिवारी घरी आल्यावर जेवण झालं, भांडी आवरली, आणि मी वह्या काढून बसले. मला काय टोचत होतं ते मलाच धड कळत नव्हतं. मुलीनं काही चुकीचं विचारलं नव्हतं.

आमच्या अण्णांचं गडहिंग्लजला किराणा दुकान होतं. आता बंद केलं, शटरला लागून भाऊ मोबाईलचं दुकान चालवतो. लहानपणी शाळेतून आलं की मी गल्ल्याशेजारच्या डब्यावर बसायचे, आणि माझ्या डोळ्यांच्या बरोबर समोर तागडी. पितळेची दोन पारडी, मध्ये काटा. त्यातल्या वजनाच्या पारड्याच्या साखळीला एक भोकाचा पैसा तारेनं बांधलेला. १९४३ ते ४७ च्या दरम्यानचा, मधोमध भोक असलेला तो तांबूस पैसा, चलनातून कधीच गेलेला, पण अण्णांच्या दुकानात त्याला काम होतं. तो पासंग होता. मालाच्या पारड्यात दिवसभर गूळ पडायचा, गूळ कितीही पुसला तरी चिकटतो, वर तेलकट बोटं, शेंगदाण्याची टरफलं, आणि ते पारडं हळूहळू जड होत जायचं. तसं ते जड राहिलं तर गिऱ्हाईकाला माल कमी जाणार. म्हणून समोरच्या पारड्याला पैसा. नवं गिऱ्हाईक कधी डोळे बारीक करून विचारायचं, "शेठ, हे काय बांधलंय?" अण्णा काही बोलायचे नाहीत, दोन्ही पारडी रिकामी करून तागडी हातात उचलायचे आणि काटा स्थिर होईपर्यंत तशीच धरून ठेवायचे. गिऱ्हाईक बघायचं, काटा मध्ये, मग साखर घ्यायचं. तो रिकाम्या तागडीचा क्षण मला फार आवडायचा. दुकानात माशा, गोणपाटाचा वास, कुणीतरी बाहेर सायकलची घंटी मारतंय, आणि सगळे गप्प होऊन एका सुईएवढ्या काट्याकडे बघतायत.

मी फोन लावला अण्णांना. साडेनऊ वाजले होते, म्हणजे त्यांच्या हिशोबानं मध्यरात्र. मी विचारलं, तो पैसा तुम्ही कधी काढत होता का? ते म्हणाले, काढायचो की, दिवाळीच्या आधी चिंच-मीठ लावून पारडी घासून काढायचो तेव्हा. मी म्हटलं आणि विसरलात तर? तर अण्णा हसले, म्हणाले, "विसरायचोच गं. एकदा संक्रांत आली तरी ध्यानात नव्हतं. पारडं स्वच्छ, आणि पैसा तिकडं लटकलेला. तेवढे दिवस गिऱ्हाईकाला जरा जास्तच गेलं असेल." मग विचारलं, एवढ्या रात्री का विचारतीस, बरं आहे ना सगळं.

बरं आहे म्हटलं आणि वही उघडली.

आणि मग ते दिसलं. चांदणीच्या दिवसानंतरच्या पानांवर, नऊ-दहाच्या झुबक्यापासून लांब, मध्येच एखादं टिंब. दोन वाजता. सात, कधी आठ. प्रत्येक पानावर नाही, पण दर दोन-तीन पानांमागे एखादं. त्यांच्यापुढे मी माझ्याच अक्षरात लिहिलंय, "लक्ष नव्हतं", "घाई", "मूर्खपणा", एका ठिकाणी तर "आईशी भांडण". मागच्या वर्षी एका स्पर्धेत साठ शॉटमध्ये असे चार गेले होते आणि मी घरी येताना बसमध्ये त्या चार शॉटचा विचार करत आले होते, की हे चार नसते तर. आता त्या मुलीचा कागद डोळ्यांसमोर. तीच जागा. दोन वाजता, सातात. म्हणजे ते चार शॉट मी झटका न देता मारले होते. चार वेळा मला जसं मारायला शिकवलं होतं अगदी तसं मारता आलं होतं, बोट अलगद, मूठ सैल, माशी खाचेत स्थिर, आणि प्रत्येक वेळी कागदानं मला सात दिला होता, आणि मी स्वतःला शिव्या घातल्या होत्या. इतकंच नाही, शिव्या घालून पुढचा शॉट पुन्हा माझ्या नेहमीच्या सवयीनं मारला आणि दहा आला, आणि मला वाटलं हं, आता आलीस लायनीवर.

किती वेळ मी त्या टिंबांवर बोट फिरवत बसले होते. हसू येत होतं आणि थोडं रडूही.

अभिनव बिंद्राची २००८ ची गोष्ट रेंजवर सगळ्यांना माहीत असते. बीजिंगला फायनल सुरू व्हायच्या आधी त्यानं साईटर मारले, म्हणजे मोजणीत न धरले जाणारे चाचणीचे शॉट, तर रायफलची साईट पार भलतीकडे गेलेली. कशी गेली, कुणी हात लावला का, हा विचार करायला वेळच नव्हता. त्यानं हातात होते तेवढ्या मिनिटांत स्क्रू फिरवून शॉट मध्ये आणला आणि फायनल मारली, शेवटचा शॉट १०.८. ही गोष्ट सांगताना सगळे त्याच्या डोक्याच्या थंडपणाबद्दल बोलतात. मला आता वेगळंच वाटतं, की त्याला ते लगेच कळलं कसं. पहिला शॉट वाईट गेला तर माझ्यासारखीला आधी वाटेल मीच मारला वाईट. त्याला आपला हात इतका माहीत होता की शॉट भलतीकडे गेल्यावर तो हाताकडे नाही, साईटकडे वळला. मी चार वर्षं बरोबर उलटं केलं होतं आणि तेही चुकीच्या शॉटला.

दुसऱ्या दिवशी रविवार. डायनिंग टेबलवर टॉवेल पसरला आणि साईट मधोमध आणली. ते करायचं असं, स्क्रू एका टोकापर्यंत न्यायचा, मग दुसऱ्या टोकापर्यंत क्लिक मोजत जायचं, आणि निम्मे मागे यायचं. टिक, टिक, टिक, लहानपणच्या गजराच्या घड्याळाला किल्ली देताना यायचा तसला बारीक आवाज, पण बोटाला जास्त कळणारा. नवरा पेपर वाचत होता, म्हणाला तिजोरी उघडतेयस का. मग तीन आठवडे छर्राच मारला नाही, फक्त कोऱ्या भिंतीवर ड्राय फायर, म्हणजे रिकाम्या पिस्टलचा नुसता ट्रिगर ओढायचा. भिंतीवर टार्गेट नसतं, त्यामुळे लागलं का चुकलं हा प्रश्नच नाही, फक्त माशीकडे बघायचं आणि ट्रिगर सुटताना ती कुठे जाते ते. आणि चाळिशी लागल्यापासून माशी नीट दिसायचीही बोंब, चष्म्याच्या नंबराचं एक वेगळंच रामायण आहे, ते पुन्हा कधीतरी. पण दिसली. बुडताना दिसली. मी इतके दिवस तिला प्रत्यक्ष बुडताना कधी बघितलंच नव्हतं, कारण आवाज झाला की डोळे कागदाकडे पळायचे, किती आले ते बघायला.

सरांना सगळं सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं ते म्हणतील, बघा, मी सांगत होतो. तसं काही नाही. त्यांनी वही चाळली, दोन वाजताच्या टिंबांवरून नजर फिरवली, आणि म्हणाले, "एवढं मनावर घेऊ नका. प्रत्येकाचं झिरो, म्हणजे साईट कुठं लावायची ते, वेगळंच असतं. तुमचा हात, तुमचा डोळा, तुमची ग्रिप. त्या पोरीचा पंजा लहान, सैल ग्रिपमध्ये तिचे शॉट कुठंही गेले असते." मी म्हटलं, म्हणजे माझी चूक नव्हती? तर म्हणाले, "नऊ क्लिकातली थोडी चूक, थोडं तुम्ही." आणि पुढच्या लेनकडे निघून गेले. कुठली किती, ते काही सांगितलं नाही. मला तर राग आला, म्हणजे माणसानं एक काहीतरी सांगावं ना. चूक म्हणजे चूक, सोडून देता येते. आणि माझंच आहे म्हटलं तर ठेवून घेता येतं. भावाच्या दुकानात डिजिटल काटा आहे, काय काय मोजायला ठेवलाय कोण जाणे, त्याला एक बटण आहे, दाबलं की पारड्यात काहीही असो, आकडा शून्य. अण्णा त्या बटणाकडे अजून संशयानं बघतात.

परवा पुन्हा रेंजवर. साईट मधोमध असताना पहिले दहा मारले, सर मागे उभे. झुबका आठ वाजता, पण पूर्वीएवढा लांब नाही, आठच्या रिंगवर. सर म्हणाले चार क्लिक उजवीकडे द्या, दोन वर, आणि आता महिनाभर स्क्रू ड्रायव्हर माझ्याकडे. खरंच घेऊन खिशात टाकला. शेजारच्या लेनवर ती मुलगी होती, तिचं सिलिंडर दुरुस्त होऊन आलं होतं. पाऊस थांबलेला, आत दमट गरम, ट्यूबलाईटचा तो एकसुरी आवाज. मी हात उचलला, गोलाच्या वरून खाली पांढऱ्यात आणला, श्वास अर्धा सोडला. माशी खाचेत थरथरत होती, थरथरू दिली. बोटावर दाब वाढवत राहिले, वाढवत राहिले, आणि कधी सुटला ते मला कळलंच नाही, एकदम फट् झालं आणि मी दचकले. माशी जिथे होती तिथेच.

कागद घरघरत आला. दोन वाजता, आठ.

"काकू, कितीचा?" मुलीनं कानातलं बोळं काढत विचारलं.

"आठ," मी म्हटलं. वहीत टिंब दिलं, पुढे काही लिहिलं नाही, आणि दुसरा छर्रा घातला.